कुंकवाखालचा नंबर

माझ्या लग्नाची तारीख आठवायला मला क्षणभर थांबावं लागतं. एक पंचवीस अक्षरांचा नंबर मात्र गाढ झोपेतून उठवून विचारला तरी मी धडाधड म्हणून दाखवेन. तो नंबर माझा नव्हता. कुणाचा होता, देव जाणे. कुणाच्या तरी पिशवीतून एक सीडी जालन्यात आली, तिच्यावर काळ्या मार्करने तो लिहिलेला होता, आणि दोन हजार सालानंतरची काही वर्षं अर्ध्याअधिक गावाचे कॉम्प्युटर त्या एका नंबरावर चालले. मोंढ्यातले बियाणेवाले, वकील, ट्यूशनवाले, लग्नपत्रिका छापणारे, सगळे एकाच नंबराचे लाभार्थी. चोरीचा माल इतक्या एकोप्याने वापरणारं गाव मी दुसरं पाहिलेलं नाही.

जालन्यातच मस्तगडला आमचं दुकान होतं. एका टेबलावर आमचे हे रेडिओ-टीव्ही उघडून बसायचे, दुसऱ्यावर मी कॉम्प्युटर. गिऱ्हाईक पायरी चढून यायचं, माझ्याकडे बघायचं आणि विचारायचं, मिस्त्री कुठंय? मी यांच्याकडे बोट दाखवायची. हे मान वर न करता माझ्याकडे बोट दाखवायचे. मग गिऱ्हाइकाचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. पुढे पुढे मला त्याचा राग येईनासा झाला, पण करमणूकही होईनाशी झाली.

माझं मुख्य काम म्हणजे फसलेली अपग्रेडं निस्तरणं. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कॉम्प्युटर चालू केल्यावर पडद्यावर जे काही दिसतं, ते सगळं चालवणारी एक मूळ व्यवस्था असते, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. दर काही वर्षांनी तिची नवी आवृत्ती निघते. जुनी काढून तिच्या जागी नवी बसवायची, आतलं सामान मात्र जागच्या जागी ठेवायचं, याला अपग्रेड म्हणायचं. घरात माणसं नांदत असताना वरचे पत्रे बदलण्यासारखं हे काम. अर्धे पत्रे निघाले आणि अर्धे बसायचे राहिले की काय होतं, ते पावसाला विचारा. आमच्याकडे पावसाचं काम वीज मंडळाचं भारनियमन करायचं.

आणि लायसन्सचा नंबर म्हणजे तुम्ही ही व्यवस्था रीतसर विकत घेतली आहे याची खूण. विकत घेतलेल्या मशीनच्या डब्यावर एक रंगीत चिठ्ठी चिकटवलेली यायची, तिच्यावर तो छापलेला असायचा. ती चिठ्ठी असलेला डबा आमच्या दुकानात आला की हे म्हणायचे, बघ, आज बडं गिऱ्हाईक आलं.

आमच्या गावकीच्या नंबराचं पुढे बिंग फुटलं. इंटरनेट आलं, कंपनीने नंबर तपासायला सुरुवात केली आणि एके दिवशी सगळ्यांच्या पडद्यावर कोपऱ्यात एक सूचना झळकली : आपण बनावट सॉफ्टवेअरचे बळी ठरला असाल. त्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. तहसीलमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ भोकरदनहून पहिली गाडी पकडून आले. कुणी फसवलं ते नाव सांगा, मी लेखी तक्रार देतो, म्हणाले. सीडी त्यांनी स्वतःच भाच्याकडून आणली होती. हे मी त्यांना शक्य तितक्या हळुवारपणे सांगितलं. त्यावर ते म्हणाले, ‘‘म्हंजे बळीबी मीच अन् चोरबी मीच. मंग तक्रारीत लिव्हायचं काय?’’

अशा गोष्टी पुष्कळ आहेत आणि त्या सांगून मी कितीतरी लग्नाच्या पंगती हसवल्या आहेत. अंकुशनगरच्या गयाकाकूंची गोष्ट मात्र मी पंगतीत कधी सांगितली नाही. ती इथे सांगते, कारण माझ्या कामाबद्दल मला जे काही कळलं, ते त्या एका मशीनपाशी कळलं.

काकूंचे यजमान भानुदासकाका तिथल्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. गाळपाच्या दिवसांत उसाच्या गाड्या मोजायच्या, एरवी कारखान्याच्या वसाहतीतल्या दोन खोल्यांत शांत राहायचं. एकुलता मुलगा नितीन पुण्यात नोकरीला लागला. पहिल्या वर्षीच त्याने घरी कॉम्प्युटर आणला, तोही चिठ्ठीवाला, अस्सल. काकांनी नंतर मला सांगितलं की गावात फुकट मिळत असताना पैसे कशाला घातले, म्हणून ते पोरावर चिडले होते. नितीन वडिलांना म्हणाला होता, दादा, आपल्या घरात चोरीचं नको.

कॉम्प्युटर घरी आला तो दसऱ्याच्या आदल्या दिवशी. आपल्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा असते. विळे, कुदळ, शिलाई मशीन, मोटारसायकल, ज्याच्या जिवावर घर चालतं ते सगळं धुऊनपुसून पुढ्यात मांडायचं आणि हळदकुंकू वाहायचं. काकूंनी कॉम्प्युटरही मांडला. कुंकू कुठं लावू, म्हणून त्यांनी पोराला विचारलं. नितीनने त्यांचा हात धरून त्या रंगीत चिठ्ठीवर टेकवला. आई, इथं लाव, हाच याच्या खरेपणाचा दाखला आहे, असं तो म्हणाला. त्या वर्षापासून काकू त्या चिठ्ठीवर कुंकू लावत आल्या. दसऱ्याला लावायच्या, दिवाळीत लक्ष्मीपूजनाला लावायच्या, आणि दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने पुसून घ्यायच्या.

नितीन गेला तो मोटारसायकलवर, औरंगाबादच्या रस्त्यावर. सुट्टीला घरी येत होता.

त्यानंतर काकूंनी एक नेम धरला. सांजवात झाली की त्या कॉम्प्युटरपाशी बसायच्या आणि बटण दाबायच्या. नितीनने त्यांना तेवढंच शिकवलं होतं, चालू करायचं आणि बंद करायचं. पडदा निळा व्हायचा, मग मध्यभागी एक बदकाचं चित्र आणि त्याच्या शेजारी इंग्रजीत नितीनचं नाव यायचं. काकू चौथी शिकलेल्या, इंग्रजी येत नव्हतं, पण ते नाव त्यांना चित्रासारखं पाठ झालं होतं. नाव बघायचं, त्यावर टिचकी मारायची, स्वागताची धून वाजायची, ती ऐकायची आणि मशीन बंद करायचं. रोज एवढंच.

एकदा त्या मशीनचा पंखा घरघर करायला लागला. काका डबा घेऊन अंबडला एका दुकानात गेले. काम पंख्यात तेलाचा थेंब टाकण्याचं होतं. दुकानदाराने तो टाकला आणि वर उपकार म्हणून, काका, फार जुनं आहे, नवीन टाकून देतो, मस्त पळेल, असं म्हणत न विचारता अपग्रेड लावून दिलं. आमच्या धंद्यातल्या निम्म्या रोगांचं मूळ हे फुकटचे उपकार आहेत. अपग्रेड निम्म्यावर असताना लाइट गेली. आल्यावर मशीन चालूच होईना. दुकानदाराने दोन-तीन खटपटी केल्या आणि मग काकांना मस्तगडचा पत्ता दिला.

दोघं नवराबायको एसटीने आले. काकांच्या खांद्यावर पोत्यात गुंडाळलेला डबा, काकूंच्या हातात त्याच्याबरोबर आलेल्या अस्सल सीडीची पेटी. काकूंनी मिस्त्री कुठंय असं विचारलं नाही. त्या सरळ माझ्या टेबलापाशी येऊन बसल्या.

मी नेहमीचं बोलले. काळजी करू नका काकू, फोटोबिटो असतील ते आधी काढून ठेवते, मग नवं टाकून देते. आणि खरंच, डिस्क दुसऱ्या मशीनला जोडून मी त्यांच्यासमोर सगळे फोटो वाचवले. नितीनच्या ऑफिसातले, मित्रांबरोबरचे, सिंहगडावरचे. काकूंनी ते नीट पाहिले आणि म्हणाल्या, ‘‘फोटो घरी भिताडावर बी हाये माय. मला ते नाव येऊन राह्यलं व्हतं न, तेवढं येऊ दे. बाकी काहीच नको.’’

मला समजायला वेळ लागला. कॉम्प्युटरच्या बाबतीत लोक काय काय मागतात ते मी ऐकलं होतं. हिशेब वाचवा, पत्ते वाचवा, गाणी वाचवा. पडद्यावर येणारं नाव कुणी कधी मागितलं नव्हतं. काका तोंड फिरवून बाहेर रस्त्याकडे बघत होते.

मी त्यांना सरळ सांगितलं की त्यात एकच वाट आहे. आमची गावकीची सीडी टाकली तर मशीन लगेच सुरू होईल, पण जुनं सगळं साफ होईल आणि नाव कायमचं जाईल. नितीनची अस्सल सीडी घातली तर ती जुनंच घर डागडुजी करून उभं करू शकते. नाव ज्या फायलीत असतं ती शाबूत असली तर नाव येईल, नसली तर नाही, आणि ते शेवटपर्यंत गेल्याशिवाय कळणार नाही. मात्र ती सीडी तिचा स्वतःचाच नंबर मागेल. दुसरा चालणार नाही.

नंबर हाये की डब्यावर, असं म्हणत काकांनी डबा फिरवला. चिठ्ठीवर गुलाबी डाग होता. डागाच्या खाली अक्षरं पुसट होत गेली होती आणि उजवीकडचा शेवटचा कोपरा पार कोरा पडला होता.

काकांनी त्या डागावरून बोट फिरवलं. मग बायकोकडे न बघता बोलले. ‘‘दरसाल इथंच कुंकू, अन् वरतून ओलं फडकं. नंबर हिनंच पुसून टाकला.’’

ते रागाने बोलले नव्हते. दमलेल्या माणसाच्या तोंडून निघतं तसं निघून गेलं. पण काकूंनी पदराचं टोक तोंडाशी नेलं आणि ते तिथंच राहिलं. मी घाईघाईने म्हणाले की काकू, यात तुमचा काही दोष नाही, हा नंबर मी काढते, मला चार-आठ दिवस द्या. काका म्हणाले, खर्चा कितीबी होऊ द्या. मला त्या दोघांचीही कीव आली आणि त्या अंबडच्या उपकारी माणसाच्या कानाखाली एक ठेवून द्यावी असं फार वाटलं.

मग मी त्या चिठ्ठीच्या मागे लागले. दुपारच्या उन्हात डबा दारात नेऊन तिरका धरायचा आणि यांचं घड्याळजींसारखं डोळ्याला लावायचं भिंग लावून बघायचं. शाई गेली तरी छपाईचा किंचित दाब कागदावर राहतो. या नंबरात काही अक्षरं कधीच नसतात, शून्य आणि ओ दोन्ही नसतात, एक आणि आय नसतात, म्हणजे वाचणाऱ्याचा घोटाळा होऊ नये. पण बी असतो आणि आठही असतो, तेव्हा घोटाळा व्हायचा तो होतोच. एकेक अक्षर करत मी जवळजवळ सगळं लावलं. शेवटच्या दोन जागा मात्र कोऱ्या. तिथे काहीच नव्हतं, नुसता कुंकवाचा डाग.

दोन जागांसाठी शेकडो जोड्या होतात. मी एका पाठोपाठ एक टाकत गेले. गिऱ्हाईक आलं की उठायचं, गेलं की पुन्हा बसायचं. पडदा दर वेळी तेच सांगायचा, नंबर चुकीचा आहे, पुन्हा तपासून पाहा. हे माझ्या शेजारी चहा ठेवून जायचे. एकदा तेवढं म्हणाले, इतकं तर तू बारावीलाही केलं नसशील. मी हसले. आयुष्यभर मी चोरीचा नंबर टाकून मिनिटात पुढे गेले होते, आणि हा एक खरा नंबर दारात अडवून उभा होता.

मग एका दुपारी तो लागला. पडद्यावर सूचना आली नाही, सरळ पुढचं पान आलं. मी खुर्चीवरून उठलेच. यांनी सोल्डरची काडी खाली ठेवली. मी अंकुशनगरला शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप ठेवला की उद्या या, पुढचं तुमच्या समोरच करते. काकूंनी तसं माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. नाव येईल तेव्हा मी तिथं पाहिजे, म्हणाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दोघं आले. काकूंनी धुतलेलं लुगडं नेसलं होतं आणि सोबत डब्यात पुरणपोळ्या होत्या, तुपासकट. यांनी ओळखीच्या दुकानातून बॅटरी आणून जोडली, म्हणजे लाइट गेली तरी अडायला नको. मी पुढचं सुरू केलं. अस्सल सीडी असली की मधल्या वेळात कंपनीला फोन करून नंबर मंजूर करून घ्यावा लागतो. तिकडची मुलगी दर वेळी विचारायची की ही प्रत किती मशीनवर टाकली आहे, आणि मी दर वेळी बेधडक सांगायची, एका. त्या दिवशी ते खरं होतं.

काकू पडद्यावरची सरकणारी पट्टी बघत बसल्या होत्या. तासभर त्यांनी नजर काढली नाही. पट्टी भरली, मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं, निळा पडदा आला. काकू खुर्चीत पुढे सरकल्या.

आणि मग एक पान आलं. त्यावर एक कोरी पांढरी चौकट होती आणि चौकटीत एक उभी रेघ लुकलुकत होती. ते पान बघताच मला कळलं. आतली जुनी नावं शाबूत असली तर हे पान येतच नाही. मी माउसवरचा हात काढून घेतला.

‘‘काय इचारून राह्यलं ते?’’ काकू म्हणाल्या.

‘‘नाव विचारतंय, काकू.’’

‘‘कोनाचं?’’

‘‘हे मशीन कोण वापरणार, त्याचं.’’

काका पटकन पुढे वाकले. ताई, टाका तुम्ही नितीनचं, बराबर तेच येतं न मंग, तेच पायजे हिला, असं ते हलक्या आवाजात म्हणाले. मी काही करणार तेवढ्यात काकूंनी माझा हात धरला. त्यांना सगळं समजलं होतं. त्या म्हणाल्या, थांब माय, मी लिव्हते.

मी त्यांना एकेक कळ दाखवत गेले. एन. आय. टी. मग पुन्हा आय. ‘‘हे तं आत्ता दाबलं की,’’ त्या म्हणाल्या आणि मला न विचारता ती कळ त्यांनी स्वतः शोधली. शेवटचा एनही शोधला. पहिलं अक्षर त्याचं मोठं व्हतं, असं त्यांनी सांगितलं. मी ते मोठं करून दिलं. चित्रांच्या यादीतून त्यांनी बदक ओळखलं, मी ते लावलं. मशीन पुन्हा सुरू केलं. निळा पडदा आला, बदक आलं, शेजारी नाव आलं. अगदी तसंच. धूनही वाजली. रस्त्यावरून जाणाऱ्याला विचारलं असतं तरी त्याने जुन्या-नव्यात काडीचा फरक सांगितला नसता.

काकू ते पुष्कळ वेळ बघत राहिल्या. यांच्या टेबलावर एक रेडिओ बारीक आवाजात चालू होता, तो यांनी बंद केला.

‘‘बिलकुल तसंच दिसून राह्यलं,’’ काकू म्हणाल्या. ‘‘पन हे मी लिव्हलं न माय. ते त्यानं लिव्हलं व्हतं.’’

मग त्यांनी स्वतःच्या हाताने, नितीनने शिकवलं होतं तसं, मशीन बंद केलं.

जाण्याआधी मी त्यांना परोपरीने सांगितलं. नंबर मला सापडला, काकू. तुमच्या कुंकवाने काही अडलं नाही. नाव गेलं ते लाइट गेली तेव्हाच, अंबडलाच, तुम्ही इथं पाऊल ठेवायच्याही आधी. हे मी तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितलं. काकाही म्हणाले, मी उगंच बोलून गेल्तो, मनावर घेऊ नको. काकू सगळ्याला मान हलवत होत्या. मी एका कागदावर पूर्ण नंबर स्वच्छ छापला, जुन्या चिठ्ठीच्या शेजारी डब्यावर चिकटवला आणि त्यावर जाड पारदर्शक पट्टी लावली. पुरणपोळ्यांचा डबा त्या ठेवून गेल्या. त्या दिवशी आम्ही दोघांनीही त्याला हात लावला नाही, दुसऱ्या दिवशी खाल्ल्या.

त्यानंतर मी कितीतरी मशीनं सुरू केली. लोक खूश होऊन गेले. पण दुरुस्त झालं असं म्हणताना माझी जीभ थोडी अडखळायला लागली, ती कायमची.

काही वर्षांनी अंकुशनगरला शाळेतल्या कॉम्प्युटरांच्या कामाला गेले होते. दसरा नुकताच होऊन गेला होता. काम आटोपल्यावर पाय आपोआप त्यांच्या घराकडे वळले. काका निवृत्त झाले होते, अंगणात खाटेवर बसले होते. काकूंनी चहा टाकला. आतल्या खोलीत कॉम्प्युटर त्याच टेबलावर होता, वर भरतकाम केलेला रुमाल. चालू करता का, असं मी विचारलं. न्हाई, असं काका बाहेरूनच म्हणाले.

मी रुमाल जरासा बाजूला केला. डब्यावर झेंडूच्या दोन-तीन सुकलेल्या पाकळ्या होत्या. हळदकुंकवाचं बोट होतं, पण ते पार दुसऱ्या टोकाला, खाली, पायांपाशी लावलेलं. चिठ्ठीजवळ आणि माझ्या कागदाजवळ कुठे कुंकवाचा कणही नव्हता.

मी म्हणाले, काकू, आता बिनघोर लावा पहिल्या जागी. वरून पट्टी आहे. नाही पुसणार.

‘‘राहू दे,’’ काकू म्हणाल्या. ‘‘एकडाव झालं तेवढं बस.’’

त्यांनी रुमाल पुन्हा नीट सारखा केला. त्याखाली तो पंचवीस अक्षरांचा नंबर पहिल्या दिवसासारखा लख्ख वाचता येत होता. तो आता त्यांना कुणीच विचारणार नव्हतं.